साडूच्या मापाची सायकल

मास्तरांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. सगळं घर आनंदात होतं. मास्तरही आनंदात होते, पण त्यांचा आनंद त्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच टिकला. कारण त्या संध्याकाळी त्यांचा साडू, म्हणजे त्या मुलीचा बाप, नवीकोरी शर्यतीची सायकल, रोड बाइक, घेऊन सासऱ्यांच्या फाटकाशी उभा राहिला.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे शिवणारे मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एक मशीन खिडकीशी, एक भिंतीशी, मध्ये कापायचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. भिंतीवर पाटी होती: ‘मापाला स्वतः या. दुसऱ्याची पँट आणू नका.’ या पाटीवरून गिऱ्हाइकांशी रोजचे खटके उडायचे.

"मास्तर, भावाचीच पँट ठेवा मापाला. आमची अंगकाठी एकच आहे."

"तुमच्या आईला पण तुम्ही दोघं एकच वाटता का?" मास्तर मान वर न करता विचारायचे. माणूस मुकाट्यानं आत यायचा आणि हात सोडून उभा राहायचा.

साडू औषधांच्या कंपनीत नोकरीला होता. सडसडीत आणि उंच. पाय तर असे लांब, की खुर्चीत बसला की माणसाआधी गुडघे दिसायचे. त्याच्या पँटी मास्तरच शिवत, त्यामुळे त्या पायांची लांबी मास्तरांना तोंडपाठ होती. दर वेळी कापड जास्त लागायचं आणि दर वेळी मास्तर मनात म्हणायचे, याला घडवताना देवानंही हात आखडता घेतला नाही.

त्या शुक्रवारी मास्तर सासऱ्यांच्या ओसरीवर साडूच्याच मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. सायकल आत आली. लालभडक रंग, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर.

"बाप झालो, आता तब्येतीकडे बघायला हवं, म्हणून घेतली," साडू म्हणाला.

सासरे गुडघ्यांनी अधू झालेले होते. खुर्चीतून उठायचं तर आधी घरातल्या सगळ्यांना कळायचं, एवढं ते कण्हायचे. पण त्या दिवशी ते न कण्हता उठले, काठी भिंतीला टेकवली, सायकलीच्या दांड्यावरून तळवा फिरवला आणि दोन बोटांत धरून ती जमिनीवरून उचलली.

"आयला!" सासरे म्हणाले.

सासूबाईंसमोर ते असं कधी बोलत नसत. सासूबाईही हसल्या. मास्तरांची बायको हसली. मेव्हणी तर कौतुकानं नवऱ्याकडे बघतच राहिली. मास्तरांनी मांडीवरच्या पोरीकडे वाकून हळूच विचारलं, "तुझ्या बापाला काय धाड भरली गं?"

पोरीनं त्यांच्या शर्टावर दूध ओकलं.

घरी जाताना बायको म्हणाली, "बघितलंत ना? बाबा किती दिवसांनी असे खुलले."

"सायकल तर आहे. विमान आणलंय का त्यांनी?"

"तुमच्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या? माझ्या शर्टाला वास येतोय, म्हणून तोंड वाकडं झालंय."

पण दुखत होतंच. साडूचा पगार मास्तरांना कधी खुपला नव्हता. त्याचं मोठं घर खुपलं नव्हतं, त्याची फोनवरची इंग्रजी बोलणी खुपली नव्हती. खुपले ते सायकल बघून लकाकलेले सासऱ्यांचे डोळे. मास्तर रांगत होते तेव्हाच त्यांचे वडील गेलेले. ‘बाबा’ हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वापरायला मिळाला तो लग्नानंतर, आणि बायकोइतकंच त्यांना त्या शब्दाचं अप्रूप होतं.

सासरे तरुणपणी सायकलींच्या शर्यतीत उतरलेले. पुढे पोटासाठी बेकरीचा माल घरोघर पोचवला, तोही सायकलवरूनच. त्यांचं घर पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर, अगदी शेवटच्या वळणाला. रविवारी सकाळी गावातले सायकलवाले तो चढ चढायचे आणि सासरे फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. एखाद्याचं चढणं पसंत पडलं, तर हातातली काठी वर करायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत, टाळ्या वाजवायचे नाहीत, फक्त काठी वर. आणि त्यात ते असे चिकट, की कितीतरी रविवार काठी जमिनीवरून हलायचीच नाही. त्या काठीसाठी चढणारे जीव काढायचे.

त्या रविवारच्या सकाळी मास्तर सासऱ्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचे. थर्मासमधून चहा ओतून द्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर दोघं मिळून शेरे मारायचे. "हा बघा, सायकल चालवतोय की पीठ मळतोय?" असं सासरे म्हणायचे आणि मास्तर चहा सांडेपर्यंत हसायचे. आठवड्यातली तेवढी घटका मास्तरांची स्वतःची होती.

साडूची सायकल आली आणि ती घटका गेली. सासरे आता मास्तरांच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघायचे. "आला का? लाल दिसतंय का खाली?" चहा कपात निवून जायचा. साडू वळणावर आला की सासरे खुर्चीतच पुढे सरकायचे, "खाली वाक! कोपर आत घे!" म्हणून ओरडायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी काठी वर गेली. चांगली खांद्याच्या वर. मास्तरांच्या हातात तेव्हा थर्मासचं झाकण होतं. ते त्यांनी इतकं घट्ट आवळलं, की नंतर सासूबाईंना ते उघडेना.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सांगितलं, "मी पण घेतो म्हणतोय. रोड बाइक."

"काज करायचं मशीन घ्यायचं होतं ना?"

"काजं हातानं करीन."

बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं. तिला सगळं कळत होतं, पण नवऱ्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं फडताळातून बटणांचा जुना डबा काढला. त्यात मशीनसाठी साठवलेले पैसे होते.

"यात आहे ते सगळं तुमचं. याच्यावर एक पै मागायची नाही. आणि डोक्यावरचं हेल्मेटही यातूनच. डोकं फोडून घेतलंत तर मला परवडणार नाही."

सायकलींचं दुकान एक बाई चालवायची. बोटं ग्रीसनं काळी, आवाज खणखणीत. मास्तरांनी बजेट सांगितलं तेव्हा ती हसली नाही, हे मास्तरांना आवडलं.

"यातून हेल्मेट, पंप, दिवा आणि कुलूप आधी बाजूला काढा," ती म्हणाली. "उरेल त्यात सायकल बघू."

"एवढ्यात चांगली मिळेल?"

"चांगली मिळेल. देखणी मिळेलच असं नाही."

तिनं एक राखाडी सायकल पुढे ओढली. पावसाळी आभाळासारखा रंग, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही अशी. "फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. पुढचं चाक धरणारा काटा कार्बनचा, म्हणजे खड्ड्याचे हादरे हाताला कमी. गिअर साधे आहेत, पण टाकीचा चढ काढतील. उद्या पैसे आले की चाकं बदला, गिअर बदला, सीट बदला. फ्रेम तेवढी बदलता येत नाही. म्हणून ती मापाची घ्यायची, बाकी सगळं नंतर."

मास्तरांनी मान डोलावली. हे तर त्यांच्याच दुकानातलं बोलणं. बटण मागाहून बदलता येतं, खांदा एकदा चुकला की चुकला. हात पिशवीतल्या बटणांच्या डब्याकडे जातच होता, तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली.

भिंतीला लाल सायकल टांगली होती. साडूच्या सायकलीच्याच कंपनीची, तशीच शिंगांची, तशीच लालभडक.

"ती?"

"ती गेल्या वर्षीची. एकच उरलीय, मोठ्या मापाची. म्हणून किंमत उतरवलीय. पण उतरवूनही तुमचं बजेट सगळं खाईल. हेल्मेटलासुद्धा उरणार नाही."

"खाली घ्या जरा."

दुकानवालीनं नाइलाजानं सायकल खाली काढली. सीटखालच्या नळीवर मापाचा आकडा चिकटवलेला होता. मास्तरांना तो आकडा ठाऊक होता. मागच्या रविवारी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून ते साडूच्या सायकलीपाशी वाकले होते आणि तो वाचून आले होते. तोच आकडा. राखाडी सायकलीचा आकडा त्याहून लहान होता. साडूची मोठी आणि आपली लहान, ही कल्पनाच मास्तरांना सहन होईना. दोन्ही सायकली शेजारी उभ्या राहिल्या तर सासरे काय म्हणतील? धाकट्या जावयाची सायकल आणि थोरल्याचं खेळणं?

"ही तुमच्या मापाची नाही," दुकानवाली म्हणाली.

"सीट खाली केली की झालं."

पँट लांब झाली तर खालून दुमडून घेऊ, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मास्तर दाराबाहेर काढायचे. ते या वेळी त्यांना आठवलं नाही.

"दांडा दोन्ही पायांत घेऊन उभे राहा. पाय टेकवा दोन्ही."

मास्तर उभे राहिले. दांडा नको तिथे लागला. त्यांनी चेहरा सरळ ठेवला.

"टेकले."

"टाचा वर आहेत तुमच्या. मला दिसतंय. थांबा, टेप आणते, पायाची आतली लांबी घेऊ."

"बाई, मी शिंपी आहे. जन्मभर मापं घेतली. मला माप सांगू नका."

"मग स्वतःचं शेवटचं कधी घेतलंत?"

 मास्तरांनी बटणांचा डबा टेबलावर पालथा केला. नोटांबरोबर दोन बटणंही पडली. दुकानवालीनं ती वेचून परत दिली.

घरी बायकोनं सायकलीला वळसा घालून बघितलं. "हेल्मेट?"

"पुढच्या महिन्यात."

तिनं त्यांच्या देखत बहिणीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत साडू दारात हजर, हातात त्याचं जुनं हेल्मेट.

"दादा, कसली झकास घेतलीत! अगदी माझ्या सायकलीची जुळी बहीण!" तो मनापासून खूश झाला होता. मग थोडा थांबून म्हणाला, "जरा मोठी नाही ना होत तुम्हाला?"

"मला सैलसरच आवडतं."

हेल्मेट डोक्यावर गरागरा फिरत होतं. साडू गेल्यावर मास्तरांनी कोटाच्या खांद्यात घालायचे दोन पॅड काढले आणि आतून शिवून टाकले. आरशात बघितलं. डोक्यावर साडू, बुडाखाली साडू. पण त्यांना त्यात साडू दिसला नाही, फक्त लाल रंग दिसला.

रविवारी सकाळी मास्तर चढाच्या पायथ्याशी गेले. सायकल त्यांना नवी नव्हती, शिवलेले कपडे गावभर पोचवण्यात निम्मं आयुष्य जुन्या काळ्या सायकलीवर गेलं होतं. दम होता, पायांत जोर होता. पण ही सायकल त्यांना धरूच देईना. सीट पार खाली, हँडल पार लांब. हात ताणून ताणून त्यांची अवस्था दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखी झाली. मानेत कळ आली. बोटांना मुंग्या आल्या. ब्रेकपर्यंत हात पोचवायचा तर कंबर सीटवरून सरकायची. साडू कधीच पुढे निघून गेला. त्याच्यासाठी काठी वर गेल्याचंही त्यांनी लांबून बघितलं, आणि त्या रागानं आणखी जोर लावला.

शेवटचं वळण आलं. सासरे फाटकाशी उभे होते. बसलेले नव्हते, उभे होते. काठी हलली.  पण काठी वर गेली नाही, आडवी झाली आणि रस्त्यात त्यांच्या पुढ्यात आली.

"उतरा!"

मास्तर उतरले म्हणण्यापेक्षा सांडले. दांडा पुन्हा नको तिथे लागला.

सासऱ्यांनी सायकलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कुणाची आहे ही?"

"माझी, बाबा. नवी घेतली."

"सायकल तुमची, कळलं. माप कुणाचं?"

 वरून साडू परत फिरून खाली येत होता. त्याला येताना बघून मास्तरांच्या कानशिलांवर आग झाली. आता त्याच्यासमोरच व्हायचं होतं सगळं.

"मास्तर," सासरे म्हणाले, "मी एकदा माझ्या भावाची पँट मापाला पाठवली होती तुमच्याकडे. आठवतंय?"

"आठवतंय."

"पोरीच्या हातात दिली होती. तुम्ही पोरीला परत पाठवलंत. म्हणे बापाला सांगा स्वतः या. मी तावातावानं आलो, म्हटलं बघू तरी कोण हा दीडशहाणा. तुम्ही मला उभं केलंत आणि माप घेतलंत. त्या पँटीत मी तीन लग्नं लावली, त्यातलं एक तुमचं." ते खुर्चीत बसले. "त्या दिवशी घरी जाऊन हिला म्हटलं होतं, पोरगी दिली तर अशा माणसाला द्यावी. आणि आज तुम्ही दुसऱ्याची पँट घालून माझ्या दारात आलात होय?"

साडू येऊन थांबला होता. हसेल असं मास्तरांना वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, माझ्या ऑफिसात एक जण आहे, माझ्याएवढाच उंच. तो अशीच शोधतोय. मी विचारू का?"

आणि त्यानं नुसतं विचारलं नाही, चार दिवसांत व्यवहार उरकला. रविवारच्या एका खेपेनं सायकलीला काही झालं नाही असं त्यानंच त्या माणसाला पटवून दिलं आणि पैसे जसेच्या तसे आणून कापायच्या टेबलावर ठेवले. चहासुद्धा घेतला नाही, मुलीला डोस द्यायचा होता म्हणून गेला. मास्तर त्याच्या पाठीकडे बघत राहिले. ज्याच्यावर जळायचं तो माणूस निदान वाईट तरी असावा! हा चांगला निघाला, त्यामुळे धड जळताही येईना.

"गोड बोलून उपकार करून गेला," ते बायकोला म्हणाले.

"मग काय कडू बोलून करायला हवे होते?"

दुकानवालीकडे राखाडी सायकल अजून तशीच उभी होती. मास्तर आत गेले आणि गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली. बूट काढले, भिंतीला पाठ लावली आणि हात सोडून उभे राहिले. गिऱ्हाईक होऊन उभं राहिलं की हातांचं काय करावं ते कळत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"श्वास सोडा," दुकानवाली म्हणाली. "पोट आत घेऊन काही उपयोग नाही, मी पाय मोजतेय."

या वेळी हेल्मेटही आलं, मास्तरांच्या डोक्याचं. साडूचं त्यांनी पॅड उसवून परत केलं.

राखाडी सायकल पहिल्या दिवसापासून अंगावर शिवल्यासारखी बसली. मास्तर दुकान उघडायच्या आधी रोज तिला बाहेर काढू लागले. ऊन चढायच्या आत नदीच्या रस्त्यानं जाऊन यायचे, मग टाकीच्या चढाचा पहिला टप्पा, मग दुसरा. शेवटचं वळण मात्र त्यांनी ठेवून दिलं होतं. बारीक झाले. पँटी कमरेत सैल झाल्या, त्या त्यांनी स्वतःच आत घेतल्या. मशीनवर पायडल मारतानाही ते आता चढ चढत असल्यासारखी मांडी हलवायचे, असं बायको म्हणायची. आणि साडूची आठवण त्यांना सगळ्यांत जास्त चढावर यायची. पायांतलं बळ संपलं की तो लाल रंग डोळ्यांपुढे यायचा आणि कुठून तरी नवं बळ यायचं.

एका रविवारी ते पायथ्याशी आले.

"चला दादा, बरोबर जाऊ," साडू म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. येतो मी."

साडू पुढे झाला, पण फार पुढे गेला नाही. मास्तरांनी त्याच्या मागच्या चाकावर डोळे लावले आणि ते सोडलंच नाही. अर्ध्या चढावर साडूचा श्वास ऐकू येऊ लागला. त्यानंतर त्याच्या शर्टावरची शिलाई दिसू लागली. काखेत एक टाका सुटला होता, तोही दिसला. शेवटच्या वळणाच्या अलीकडे मास्तर त्याच्या शेजारी आले. राखाडी हँडल आणि लाल हँडल एका रेषेत.  बोलायला दोघांकडेही दम नव्हता.

वळणावर सासरे बसले होते. मास्तरांनी मान वर केली.

काठी वर होती. पार डोक्याच्या वर, हात सरळ ताणलेला.

टाकीपाशी दोघं थांबले आणि हँडलवर वाकून धापा टाकत राहिले. मग साडू म्हणाला, "दादा, बघितलंत? काठी!"

"बघितली."

"तुमच्यासाठी होती हं."

"तुमच्यासाठी असेल. तुमच्यासाठी जातेच की."

"छे हो. माझ्यासाठी ते जरा आधीच उचलतात."

हे त्यानं मास्तरांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, की आपली काठी हमखासच असते असं सुचवलं? मास्तर हे वाक्य आठवडाभर चघळत राहिले. कापड कापताना चघळलं, जेवताना चघळलं. शेवटी बायको वैतागली. "अहो, बाबा काही परगावी राहत नाहीत. विचारा जाऊन एकदा आणि सोडा मला!"

विचारायला जावं लागलं नाही. सासरेच दुकानात आले. रिक्षातून उतरले, काठी टेकत पायरी चढले आणि पाटीकडे बोट करून म्हणाले, "स्वतः आलोय. एक पँट शिवा."

मास्तरांनी त्यांना पडद्यामागे नेलं. पायांपासून सुरुवात केली. लांबी तीच होती. मग त्यांनी कमरेला टेप लावली आणि ती भलत्याच लहान आकड्यावर भेटली. मास्तरांनी टेप सोडली आणि परत लावली.

"काय झालं?"

"काही नाही. सरकली."

"नाही सरकली," सासरे म्हणाले. "आहे ते आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. घरात अजून बोलू नका."

मास्तर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी वर बघितलं. आणि त्या वेळीही तोंडातून निघायचं तेच निघालं. "त्यांना ठाऊक आहे?" त्यांना म्हणजे कुणाला, हे सांगायला लागलं नाही.

"त्याला सांगावं लागलं. औषधं तोच आणतो. तुम्हाला सांगायची काय गरज होती? तुम्हाला टेपवर कळणारच होतं."

 मास्तर खडूनं आकडा टेबलाच्या कडेवर लिहायला गेले, पण खडू मोडला.

"शिलाईत आत कापड सोडा भरपूर," सासरे म्हणाले. "पुन्हा भरलो की उसवून सैल करता येईल."

"सोडतो, बाबा."

"आणि काय ते विचारून टाका. मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय."

काठीचा प्रश्न मास्तरांच्या अगदी ओठांवर होता. त्या हाताकडे त्यांनी बघितलं. काठी धरणारा तो हात टेबलाच्या कडेला टेकलेला होता, मनगटाचं हाड वर आलेलं. ज्या हातानं तेवढा वेळ काठी डोक्यावर धरली, तो हाच. एवढ्या बळावर त्यानं ती कुणासाठी धरली असेल, हे आता मोजणं मास्तरांना जमेना.

"खिसे उभे की आडवे?" त्यांनी विचारलं.

"उभे," सासरे म्हणाले आणि पहिल्यासारखे हसले. "एवढंच ना?"

ती पँट मास्तरांनी बाकीचं काम बाजूला ठेवून शिवली. काजं हातानंच केली. सासऱ्यांनी ती पुढचे सगळे रविवार घातली. कधी खुर्ची फाटकापर्यंत आली, कधी खिडकीपर्यंतच. मास्तर चढ चढून आले की स्टुलावर बसून चहा ओतायचे आणि साडूही आता तिथेच पायरीवर टेकायचा. त्याला कप देताना मास्तर तो थोडा कमी भरायचे.

काठी कुणासाठी होती हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मात्र शेवटच्या वळणावर ते अजूनही साडूला पुढे जाऊ देत नाहीत.

पँटीच्या शिलाईत सोडलेलं कापड तसंच आत राहिलं. सासरे त्याच वर्षाच्या अखेरीला गेले, मेव्हणीची मुलगी खुर्चीला धरून पहिल्यांदा उभी राहिली त्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे.